दाढीवाला अजून कोपरावर आहे

अन्याय तुळशीराम आप्पांवर झाला. गेल्या गणपतीत, सातव्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर, डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या मंडपात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. तो करणारे सोसायटीचे प्रमुख जयवंतभाई आजही बाकड्यावर बसून बडीशेप चघळतात. हे आधीच सांगते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोक 'किती गोड होता' इथून सुरुवात करतात आणि अन्याय राहूनच जातो.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. उभं आयुष्य बमरोलीत, कापड विणायच्या लूमवर गेलं. त्या खडखडाटात कान गेले आणि तिथल्या सगळ्यांसारखीच ओठ वाचायची सवय लागली. लूमवर कुणी ओरडून बोलत नाही. ओठ हलवायचे, समोरच्याला समजतं. आप्पांचा ठाम विश्वास होता की ओठ जगभर सारखेच हलतात. त्यामुळे ते गोऱ्या माणसांचेही ओठ वाचत. ती माणसं अहिराणी बोलत आहेत असंच नेहमी निघे.

शनिवारी बाजारातून त्यांनी एकदा एक डबी आणली. वर घोडा, टोपी, बंदूक. जुना, गाजलेला, तीन तासांचा अमेरिकन सिनेमा. आत जागा दोन डिस्कची, डिस्क एकच. "दुसरी कुठे?" विचारल्यावर विकणारा म्हणाला, "काका, ती जागा हवेसाठी." आप्पांना पटलं. हवेसाठी जागा सोडणारा शेठ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

डबीत होती ती जोडीची डिस्क. तिच्यात सिनेमा नव्हताच. सिनेमा कसा केला ते होतं. तालमी, मुलाखती, वाळवंटात उभं केलेलं खोटं गाव, कापून टाकलेले तुकडे. आप्पांना तोच सिनेमा वाटला, आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांना. दर गणपतीत सातव्या दिवशी तो मंडपात लागे. आवाज बंद, पडद्याशेजारी माईक घेऊन आप्पा.

गोष्ट अशी: टोपीवाला म्हातारा वाळवंटात गाव वसवायला येतो. गावाला फक्त पुढच्या भिंती. मागे बांबूचे टेकू. "पुढथून दखा ते गाव, मांगथून दखा ते काम," आप्पा सांगत, आणि मागे घाम पुसणारा सुतार दिसला की टाळ्या पडत. मध्येच भांडण होई, दाढीवाल्याला गोळी लागे, तो धुळीत पडे. मग म्हातारा "कट!" म्हणे. दाढीवाला उठे, कपडे झटके, कुणीतरी त्याच्या हातात चहा देई.

"गोयी खाई, च्या पिई, परत कामवर हजर!" आप्पा ओरडत. "असा कारीगर शेठले भेटाव नही!"

आमच्याकडच्या बायकांचा या दाढीवाल्यावर फार जीव. वेणूआजी तर तो उठला की बोटं मोडून त्याची दृष्ट काढायची.

गेल्या वर्षी जयवंतभाईंच्या पुतण्याने खरा सिनेमा लॅपटॉपवर आणला. जयवंतभाईंनी आप्पांच्या हातातून माईक घेतला. मागितला नाही, घेतला. आणि म्हणाले, "इतकी वर्षं आप्पांनी तुम्हाला उल्लू बनवलं. ते पिक्चरच नव्हतं. आजे बघा ओरिजिनल!"

आप्पा मागे जाऊन कूलरशेजारी बसले. त्यांना ऐकू आलं नसेल असं काहींचं म्हणणं. ओठ वाचणाऱ्या माणसाबद्दल हे म्हणतात! निषेध!

ओरिजिनल सुरू झालं. लोक चुळबुळायला लागले. "मागची बाजू का दाखवत नाहीत?" "सुतार कुठाय?" "हे सगळे इतके गंभीर का?" तेवढ्यात दाढीवाल्याला गोळी लागली. तो पडला. मंडपातले सगळे निवांत. वेणूआजीने पदर सावरून बोटं तयार ठेवली.

तो उठेना.

"कट म्हन ना रे!" वेणूआजी पडद्यावर ओरडली. मग अख्खा मंडप ओरडायला लागला, "कट! कट!" मागून आप्पांचा आवाज आला, "घाबरू नका, उठी तो! आते च्या यी!" चहा आला नाही. माणसं आली, त्यांनी खड्डा खणला आणि दाढीवाल्याला पुरलं. वर दगड ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणूआजीने जाहीर केलं, "सुतक शे. आरती नही." बायका तिच्या मागे. इतक्या वर्षांचा ओळखीचा माणूस, दरसाल घरी येणारा. त्याचं सुतक धरायचं नाही तर कुणाचं? जयवंतभाईंनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी मयताचं गोत्र विचारलं. अमेरिकेत वारले म्हटल्यावर ते म्हणाले, "परदेशात का? मग बातमी कळल्यापासून तीन दिवस." म्हणजे विसर्जन अडकलं.

आता प्रमुखांना आप्पांची डिस्क आठवली. ती कुठे होती? पाण्याच्या टाकीवर. कबुतरं पळवायला जयवंतभाईंनीच सकाळी सुतळीने टांगली होती. पुतण्या वर चढला. आप्पांनी डिस्क मांडीवर घेऊन साडीच्या तुकड्याने बराच वेळ पुसली. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मेल्या माणसाला उठवायचंय, आणि त्यालाच टांगलं तुम्ही."

भर दुपारी मंडपात डिस्क लागली. चरे पडले होते, चित्र अडखळत होतं. गोळी लागली. दाढीवाला पडला. टोपीवाल्याचं तोंड "कट"साठी उघडलं, दाढीवाला कोपरावर रेलून अर्धा वर आला, आणि चित्र थांबलं. पुढे जाईना.

वेणूआजीने जवळ जाऊन पाहिलं. "कोपरावर शे," ती म्हणाली. "जित्ता शे. आरती करा."

ढोल सुरू झाला. जयवंतभाईंनी स्वतःच्या हाताने आरती केली. माफी मागितली नाही, माईकही परत दिला नाही. आप्पा मात्र पडद्यासमोरच बसून राहिले. पुनःपुन्हा मागे नेत, लावून पाहत. दर वेळी कोपर. "पुरा उठना नही," ते मला म्हणाले. "च्या बी पिना नही. ताई, तू पत्रकं लिखस ना? याना बारामा लिख." मला वाटलं, चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते.

थंडीत आप्पा गेले. त्यांना दारात ठेवलं होतं. जयवंतभाई हार घेऊन आले, बाजूला उभे राहिले. तेवढ्यात वेणूआजी पुढे झाली, आप्पांच्या पायाशी चहाचा कप ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कट!"

कुणी हसलं नाही. आम्ही सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. जयवंतभाईंनीही पाहिलं.

आता तुम्ही. हो, तुम्हीच. तुमच्या कपाटात तो दोन डिस्कचा संच आहे. सिनेमा पाहिलात, जोडीच्या डिस्कला हातही लावला नाहीत; ती कोरी, चकचकीत पडली आहे. उठा. ती काढा, डिंडोलीला या, कुणालाही आप्पांचं घर विचारा. येत्या गणपतीत, सातव्या दिवशी, माईक वेणूआजीच्या हातात असेल. त्या माणसाला पुरता उठवा आणि त्याला त्याचा चहा द्या.