दोन गाण्यांमधली जागा

श्रीरंग बोरसे सुरतेत उधन्याला आमच्या शेजारी राहायचा. मूळचा अमळनेरकडचा, कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये जपानी मागांचा फिटर. विलायती रॉक संगीताच्या, पण जपानमध्ये छापलेल्या रेकॉर्डी तो जमवायचा. लोक हसत. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि गाण्यांचा अर्थ त्याने मला कधी विचारला नाही. मी मराठी शाळेतला निवृत्त मास्तर, विचारला असता तरी सांगता आला नसता.

सुरुवात १९९१ साली झाली. नवे माग बसवायला आलेला जपानी इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत कानाला इअरफोन लावून बसायचा. एकदा त्याने ते श्रीरंगच्या कानाला लावले आणि पुढच्या फेरीत त्याच गाण्यांची रेकॉर्ड आणून दिली. कव्हरला उभी कागदी पट्टी होती, तिच्यावर जपानी अक्षरं. मग जो इंजिनिअर येईल तो एखादी आणायचा, आणि त्याच्या बायकोच्या, मंदावहिनींच्या हातचा चिवडा जपानला जायचा. रेकॉर्ड प्लेअर नानपुऱ्यातल्या एका पारशी बाईंकडून मिळाला. पाच वर्षांत चौदा रेकॉर्डी झाल्या, एकीचीही पट्टी त्याने फाटू दिली नव्हती.

रविवारी सकाळी तो मला बोलवायचा.

“गुरुजी, काय ऐकू येतं?”

“गाणं.”

“आणि आता?”

गाणं संपलेलं असायचं. सुई पुढच्या गाण्याकडे सरकत असायची.

“काही नाही.”

“बस, हेच! आपल्याकडच्या रेकॉर्डीत इथे खरखर असते. दिवसभर साठ मागांमध्ये उभा असतो मी. एवढी शांतता सुरतेत दुसरीकडे दाखवा मला.”

आतून मंदावहिनी म्हणायच्या, “चौदा ताटं शेतस, पन एकमा बी जेवाले येत नही!”

१९९६च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्या रिकाम्या जागेत मला खरखर ऐकू आली. बारीक, पण स्पष्ट. श्रीरंगने बोट वर केलं, डोळे मिटले. “आता?”

“काही नाही,” मी म्हणालो.

त्याचं काम कानावर चालायचं, हे मला ठाऊक होतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मागाला आणि मूठ कानाला लावून तो कुठलं बेअरिंग जाणार ते आधी सांगायचा. मिलमध्ये त्याला मान होता तो यासाठीच. ते कान गेले असतील तर मी कशाला सांगू, असं मला वाटलं. पुढचे चार महिने दर रविवारी मी तेच उत्तर दिलं.

होळीच्या सुट्टीत त्याची मुलगी नूतन वसतिगृहातून घरी आली. रेकॉर्ड चालू असताना ती दारातूनच म्हणाली, “पप्पा, केटलुं खर्र खर्र थाय छे! सुई बदला ना.”

श्रीरंग हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“गुरुजी?”

“आहे थोडी,” मी म्हणालो.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

त्याने प्लेअर बंद केला. “गेल्या महिन्यात अकरा नंबरच्या मागाचं बेअरिंग जाम झालं,” तो म्हणाला. “मी म्हटलं मालच खराब आला. दोन दिवस आधी मीच ऐकून पास केलं होतं ते.”

दुसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरला स्वतःच सगळं सांगितलं. त्याला सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये टाकलं. तिथे कान लागत नाहीत. शेडमध्ये त्याच्या जागी कडोदऱ्याचाच एक तरुण आला.

मी दोन-तीन रविवार गेलो नाही. त्यानेही बोलावलं नाही.

मे महिन्यात जपानहून नवा इंजिनिअर आला. त्याच्याकडे श्रीरंगने या वेळी रेकॉर्ड मागितली नाही, सुई मागितली. जुलैत ती टपालाने आली, तेव्हा त्याने मला हाक मारली. नूतनही दोन दिवसांसाठी घरी आली होती, आत धुणं वाळत घालत होती.

त्याने सुई बसवली, पहिलं गाणं पूर्ण होऊ दिलं आणि बोट वर केलं. मी नीट कान देऊन ऐकलं. खरोखरच काही नव्हतं.

“काही नाही,” मी म्हणालो.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग सुई उचलून पुन्हा मागे ठेवली आणि आत बघून म्हणाला, “नूतन, जरा बाहेर ये गं.”