धाकट्याला दिलेली वाक्यं

आमच्या नाटक कंपनीतल्या प्रॉम्प्टरला सगळे कुजबुज म्हणायचे. अहाहा, काय आवाज! विंगेतून सोडलेला शब्द नेमका नटाच्या कानात पडायचा, पहिल्या रांगेला पत्ता नाही. माझी अब्रू त्यानं कितीदा राखली!

त्याचा धाकटा भाऊ फिटर होता. कारखान्याला टाळं लागलं, नवं काम मिळेना, आणि हळूहळू त्याचं बोलणंच बंद झालं. डॉक्टर म्हणाले, "स्वतःहून बोलता झाला तर ठीक, नाहीतर मनोरुग्णालयात ठेवावं लागेल."

कुजबुजला स्वतःचं बोलणं कधी जमलंच नाही. त्यानं धाकट्याला वाचून दाखवायला वाचनालयातून कादंबरी आणली. एका बेकाराच्या डोक्यात येईल ते सगळं, सलग, पानंच्या पानं पूर्णविराम नाही. मी भेटायला गेले तेव्हा वाचन चालू होतं.

"धडधाकट माणूस आजारी पडेल असलं ऐकून," त्याची बायको कणीक मळता मळता म्हणाली. "काही हसरं वाचा की!"

"त्याच्या ओळखीचं हवं ना," म्हणून कुजबुज सवयीच्या दबक्या आवाजात पुढं वाचू लागला. "खिडकी बंद झाली, मी रांगेतच..."

"खिडकी बंद झाली," धाकटा म्हणाला.

वहिनीचे हात परातीत थबकले. कुजबुजनं पुढचा तुकडा वाचला, त्याच्या पुढचा... मागोमाग धाकटा म्हणत गेला. असा प्रवेश मी रंगमंचावरही पाहिला नव्हता.

पान उलटायला कुजबुज थांबला. धाकटा थांबला नाही. "डबा घेऊन निघायचो, बागेत बसून खायचो, दादा, तुला कसं सांगू..."

हे पुस्तकात नव्हतं. कुजबुजचं बोट ओळींवरून धावलं. चुकलेल्या नटाला वाक्यावर आणायचं, एवढंच त्यानं जन्मभर केलेलं. त्यानं वाक्य पुरवलं, "आणि दिवे गेले, मी उभाच."

धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं. "आणि दिवे गेले, मी उभाच."

"अहो, तो स्वतःचं बोलत होता!" वहिनी ओरडली.

कुजबुज पांढराफटक पडला. पुस्तक फेकून त्यानं भावाचे हात धरले. "बोल रे राजा, डब्याचं बोल." धाकटा नुसता त्याच्या ओठांकडे पाहत राहिला. मी कुजबुजला बोल लावणार नाही. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

पुढच्या खेपेला वहिनी आणि मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" धाकट्यानं दादाकडे मान वळवली. कुजबुजला राहवलं नाही.

"बरं वाटतंय," तो पुटपुटला.

"बरं वाटतंय," धाकटा म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही सगळे बाहेर बसा."

दार लागलं. बाकावर आम्ही तिघं. आतून एकट्या डॉक्टरांचाच आवाज येत होता. बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली आणि म्हणाली, त्यांचे दोन-चार कपडे घेऊन या.