दोन झाकलेल्या वाट्या

"फ्रीझरमधल्या वाट्या बघितल्यास का?" हे नीलिमाचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि मी फोनवर ऑफिसच्या मेल्स बघत होतो. "बघतो गं," म्हणालो. तिचे सॅम्पल्स तर लॅबमध्ये असतात, घरच्या फ्रीझरमध्ये कसल्या वाट्या... औषधांमुळे बरळते आहे, असं मीच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी माझी बायको गेली. त्याला आता दोन महिने होतील.

नीलिमा आफ्रिकेतल्या हत्तिणींच्या गर्भारपणाचा अभ्यास करायची. केनियातल्या जंगलातून लिदीचे नमुने इकडे अमेरिकेत, तिच्या ॲन आर्बरच्या लॅबमध्ये यायचे आणि त्यातल्या हार्मोन्सवरून, हत्तिणीला हातही न लावता, ती गाभण आहे का हे नीलिमा सांगायची. मी जवळच्याच ट्रॉय गावात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा माणूस. कुणाकडे जेवायला गेलो की मी ओळख करून द्यायचो, "आमच्या बाईसाहेब लिदीच्या डॉक्टर!" सगळे हसायचे, तीही हसायची. मग एखाद्या काकूंनी विचारलंच तर मन लावून सांगायची, की हत्तीण जवळजवळ दोन वर्षं पिल्लू पोटात वागवते, आणि दुष्काळ लांबला तर गाभण राहतच नाही. तोवर मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेलेलो असायचो.

एखादी हत्तीण गाभण निघाली की ही घरी येऊन तिचं डोहाळजेवण करायची. म्हणजे टेबलावर दोन वाट्या झाकून ठेवायची, आणि मी एक उघडायची. पेढा आला तर नर, बर्फी आली तर मादी. पेढा मला मुळीच आवडत नाही. साखरपुड्यात तिच्या आईनं भरवलेला मी गुपचूप रुमालात काढला होता, आणि ते फक्त नीलिमानं पाहिलं होतं. मी टीव्हीवरची नजर न काढता हाताला येईल ती वाटी उघडायचो, खायचो, विसरायचो. आमची सई ओरडायची, "बाबा, ॲट लीस्ट बघ तरी!"

परवा केनियाहून वांबुईचा मेसेज आला. तिथं नमुने गोळा करणारी नीलिमाची ही जुनी सहकारी. शेवटच्या नमुन्यातली हत्तीण, तेव्हाच दिवस भरत आलेली, आता व्याली होती, पण पिल्लू नर की मादी ते तिनं लिहिलं नव्हतं. आधी तुम्ही काय उघडलंत ते सांगायचं, मग आम्ही सांगायचं, असा त्यांचा नेम होता म्हणे. नीलिमानं त्यांना सांगून ठेवलं होतं, की माझा नवरा फार विचार करून वाटी निवडतो, त्याला दर वेळी मादीच हवी असते. कॅम्पवर माझं नाव 'मिस्टर बर्फी' होतं. "यावेळीही बर्फीच ना?"

माझी कानशिलं तापली. तिनं तिथं एक बरा नवरा उभा केला होता, आणि इथं तिच्या वाट्याला मी होतो. दिवाळीनंतर ती या हत्तिणीच्या वाट्या घेऊन आली तेव्हा मी कॉलवर होतो. "ठेव, मग बघतो," म्हणालो, आणि ते राहूनच गेलं.

फ्रीझर उघडला. मटारच्या पिशवीमागं दोन वाट्या होत्या, वर बशा झाकलेल्या. पहिलीत बर्फी निघाली. कधी नव्हे ते कुतूहल वाटलं म्हणून दुसरीही उघडली... तिच्यातही बर्फीच.

सईला फोन करून ते सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, इट वॉज ऑल्वेज बर्फी. तुला खरंच माहीत नव्हतं?"

इतक्या वर्षांत एकदाही पेढा आला नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

वाट्या झाकून परत मटारमागं ठेवल्या. वांबुईला लिहिलं, "हो, यावेळीही बर्फीच." कधी उघडली, ते लिहायची लाज वाटली.