पाहते की पाहतो

छापखान्यात तिला सगळे वेलांटी म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर ‘बाई’. एका वेलांटीसाठी चालतं मशीन थांबवण्याचा पराक्रम तिने आजवर दोनदा केला आहे आणि मशीनवाल्याने तो अजून पोटात घातलेला नाही.

बावीस वर्षांपूर्वी ती इथे दोन महिन्यांसाठी पाकिटं चिकटवायला आली आणि पाकिटांतलं वाचायला लागली. वाचता वाचता चुका सापडू लागल्या. मालकांनी वैतागून तिला मजकूर जुळवायलाच बसवलं. आता कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर, भिंतीकडे तोंड करून, ती गावातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका तयार करते. तिच्या स्वतःच्या लग्नाची कोणी कधी छापली नाही. का, असं विचारलं तर ती म्हणते, “मसुदा मंजूर झाला नाही.”

दुसऱ्याच्या घरात डोकावायची तिला हौस आहे, पण त्यासाठी ती जागची उठत नाही. तिचं म्हणणं, प्रत्येक मसुद्यात एक भांडण असतं. कागद जिथे खोडून खोडून पातळ झालाय तिथे बोट ठेवावं. कोणाच्या मामांचं नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं, कोणती आत्या शेवटच्या ओळीत ढकलली गेली, हे पाहून तिला पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार नाही हेसुद्धा सांगता येतं.

तिचा एक नियम मात्र मालकही मोडत नाहीत. नवरा किंवा नवरी, दोघांपैकी एकाने कच्ची प्रत बघितल्याशिवाय छपाई नाही. एकदा ‘सुपुत्र’ऐवजी ‘कुपुत्र’ छापलं गेलं होतं. वडिलांनी ते वाचून ‘बरोबर आहे’ म्हणून सही केली होती.

तर त्या दिवशी सकाळी साडेदहाला एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारे. नवऱ्यामुलाची परदेशी बदली निघाल्याने लग्न नऊ दिवसांवर ओढलं होतं. दोनशे पत्रिका उद्या सकाळी हव्या होत्या. मशीन आज संध्याकाळीच मोकळं होतं. पण आधी प्लेट, म्हणजे मशीनवर चढवायचा पत्रा, बनवून आणायला हवा. तो दोन गल्ल्या पलीकडे बनतो आणि बनवणारा पाचच्या ठोक्याला कुलूप लावतो. मालक नाही म्हणायच्या बेतात होते. वेलांटीने तोवर मसुदा हातात घेतला होता.

अक्षर मोत्यासारखं आणि एकही खाडाखोड नाही. ती चक्रावली. ‘माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे. आपण अवश्य यावे अशी माझी इच्छा आहे. मी आपली वाट पाहते.’ खाली एकच नाव, एका बाईचं.

“काका, हे लिहिलं कोणी?” तिने विचारलं.

“मीच.”

“मग ‘पाहते’ कसं?”

“बोलावणारी ती आहे ना. मुलीची आई.”

“आणि वडील?”

“मुलगी चार वर्षांची असताना वारले.”

“मग तुम्ही कोण?”

“मी काका.”

या उत्तराने झालेलं वेलांटीचं समाधान सुमारे सात मिनिटं टिकलं. पुतणीच्या लग्नात राबणारा दीर, तिने मनाशी ठरवलं. पण असा दीर निदान शेवटच्या ओळीत तरी स्वतःला बसवून घेतो. शिवाय खाडाखोड नाही म्हणजे मसुदा एकट्याने लिहिलेला, आणि लग्न काही एकट्याचं नसतं. मजकूर जुळवून, चौकट घालून, कच्ची प्रत काढून होईपर्यंत तिने आणखी तीन तर्क केले. तिन्ही चुकीचे निघाले.

काका सही करायला पुढे आले तेव्हा तिने नियम सांगितला. मुलगी कामावर आहे, तिला कशाला त्रास, असं ते पुटपुटले. फोटो पाठवतो म्हणाले. वेलांटीने तेही चालू दिलं नाही. फोनवर बोटांनी मोठं करून बघणारा माणूस स्वतःच्या नावापलीकडे वाचत नाही, असा तिचा अनुभव. शेवटी त्यांनी मुलीला बोलावलं, पण फोन अगदी नाइलाजाने लावला.

पावणेतीनला मुलगी आली. “काका, जेवलात का?” हे आधी विचारलं, मग प्रत हातात घेतली. एकदा वाचली, उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

“तुमचं नाव कुठंय?”

“आईचं आहे की.”

“मी तुमचं विचारलं.”

काकांनी हळू आवाजात समजावायला घेतलं. पत्रिका तिच्या वडिलांच्या माणसांनाही जाणार. त्यांना उगीच खुपायला नको. लग्न सुरळीत होणं महत्त्वाचं, कागदाचं काय एवढं. तेव्हा कुठे वेलांटीच्या डोक्यात प्रकाश पडला. हे मुलीच्या वडिलांचे भाऊ नव्हेत, आईचे यजमान, अठरा वर्षांपासूनचे. पहिल्यांदा घरी आले तेव्हा आईने मुलीला सांगितलं होतं, काकांना पाणी दे. कोणत्याही अनोळखी पुरुषाला सांगतात तसंच. पुढे ते दुरुस्त करायचं राहून गेलं.

“लोक विचारतील,” काका म्हणाले.

“विचारू देत. त्या निमित्ताने येतील तरी.”

“तुझ्या आईलाही वाटतं की...”

“आईला मी बघते. प्रगतिपुस्तकावर सही तुमची चालायची ना? तेव्हा कोणाला खुपलं नाही. गणितात तर कोणी दुसरं करायलाही तयार नव्हतं.”

तिने टेबलावरचं पेन उचललं, ‘माझ्या’ खोडून ‘आमच्या’ केलं, आईच्या नावाशेजारी काकांचं नाव लिहिलं आणि जेवणाची सुट्टी संपली म्हणून निघून गेली. मसुद्याला अखेर खाडाखोड मिळाली.

मराठीत एकाची दोन माणसं झाली की सगळं वाक्य हलतं. ‘माझी इच्छा’ची ‘आमची’ झाली, ‘मी’चं ‘आम्ही’, ‘पाहते’चं ‘पाहतो’. दोन नावं एका ओळीत मावेनात. वेलांटीने फुलांची एक वेल काढून टाकली. तशीही ती तिला आवडत नव्हती. चार वाजायला आले होते.

शेवटची प्रत ती गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेते. काकांनी घसा साफ करून वाचलं, “माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे.”

“काय छापलंय ते वाचा,” वेलांटी म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. ‘आमच्या’ जमलं, पण शेवटी “मी आपली वाट पाहते” असंच आलं, तेही न अडखळता. मशीनवाला घड्याळाकडे आणि मग मालकांकडे पाहू लागला. मुकाट्याने सही घ्यावी, असं मालकांनी खुणेने सांगितलं. वेलांटीने खूण पाहिली नाही, म्हणजे पाहिली होती.

तिसऱ्यांदा काकांनी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवलं. अंकलिपी वाचणाऱ्या मुलासारखे ते एकेका शब्दावर थांबत गेले. “आम्ही. आपली. वाट. पाहतो.” पुढे स्वतःचं नावही त्यांनी वाचलं, ते मात्र खूप हळू.

“बरोबर आहे?” तिने विचारलं.

“हो.” पेन हातात घेऊन ते घुटमळले. “माझं नाव जरा लहान टायपात नाही का घेता येणार?”

“येईल. पण मग शेजारचंही तेवढंच लहान करावं लागेल.”

काकांनी शेजारच्या नावावरून एकदा बोट फिरवलं. “मग राहू दे,” ते म्हणाले आणि सही केली.