जादा पाटे

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात घर बसवायला काढलं. निमित्त बायकोचं. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नव्हतं आणि कोल्हापूरच्या बहिणीकडे जाऊन दोन वर्षं झाली होती. झोपून जाता येईल अशी गाडी हवी, एवढंच तिचं म्हणणं. मी मात्र ओट्याला काळा ग्रॅनाइट लावला, दोनशे लिटरची टाकी बसवली, वर लोखंडी कपाट. "मला फक्त पडायला जागा द्या हो," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुला यातलं काय कळतं?"

हे वाक्य मी संसारात किती वेळा बोललो असेन, त्याचा आता विचारही करवत नाही.

सगळं भरल्यावर गाडी मागून बसली. कर्वेनगरातल्या प्रत्येक गतिरोधकावर बूड आपटायची. शेजारच्यांनी विचारलं, "आत हत्ती पाळलाय का?" ते मला फार लागलं.

बिबवेवाडीत एक मिस्त्री आहेत. आजोबांपासून ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवर भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवणारं घर. त्यांची पद्धत अशी, की आधी गाडी भरल्या सामानानिशी वजनकाट्यावर न्यायची, तीही प्रवासाला जाणारी माणसं आत बसवून. मी एकटाच गेलो. बायकोला कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिने त्यांच्यासमोर ग्रॅनाइटचा विषय काढला असता. मिस्त्रींनी काट्याची चिठ्ठी वाचली, आत डोकावले आणि म्हणाले, "साहेब, दगड काढा. पाटे वाढवून वजन कमी होत नाही, नुसतं दिसायचं थांबतं."

"सल्ल्याचे वेगळे घेता का आपण?" मी विचारलं.

त्यांनी मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे घातले, कडक शॉकअप बसवले. गाडी ताठ उभी राहिली. मी चक्कर मारायला निघालो तेव्हा म्हणाले, "मी चालवतो, तुम्ही बिछान्यावर पडून बघा. तो बरोबर मागच्या चाकांवर आलाय." मला गाडी चालवायची आहे, झोपायचं नाही, असं म्हणून मी कात्रजपर्यंत एकटा जाऊन आलो. पुढच्या सीटवर काही जाणवलं नाही. घरी आल्यावर शेजाऱ्यांना मुद्दाम खाली बोलावून गाडी दाखवली.

कोल्हापूरला निघालो त्या दिवशी कात्रजचा बोगदा ओलांडला तरी ती गप्पच होती. मला वाटलं, डोळा लागला. खेड शिवापूरच्या अलीकडे एका खड्ड्यानंतर मागून आवाज आला, "थांबवा." दार उघडलं तर ती दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून पडलेली, ओठ पांढरेफटक. आणि मी काय म्हणावं? "अगं, पाटे नवीन आहेत, होतील मऊ."

रुग्णवाहिकेतून परत आणावं लागलं. पुढे दीड महिना ती अंथरुणावर होती. तिच्यासाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. ते खोटं होतं. मला शेजाऱ्यांचं तोंड बंद करायचं होतं.

आता ती हिंडतेफिरते. मागच्या महिन्यात बहीण येऊन तिला रेल्वेने घेऊन गेली, खालच्या बर्थवर. तिकीट काढल्याचं मला लेकीकडून कळलं. आल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्यासाठी काहीतरी केलं असतं."