अर्ध्यावर तोडलेली धून

क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर ओली करता करता मास्तर एकच वाक्य म्हणायचे, "याद ठेवायचं काम धूनचं आहे. आपण खुशाल विसरावं." स्वतः मात्र ते काहीच विसरत नसत.

गावातल्या शनवारा पेठेत माझं शिलाईचं दुकान. त्यांच्या बँडचे लाल कोट मीच शिवायचो, तीच ओळख. तरुणपणी मास्तर फौजेच्या बँडमध्ये होते. तिथल्या उस्तादानं त्यांना स्कॉटलंडची एक जुनी फिडलची धून शिकवली. ती बांधणाऱ्या वादकानं तिला आपल्या गावच्या जमीनदाराचं नाव दिलं होतं म्हणे. मानानं दिलं की दात धरून, ते उस्तादालाही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, दात धरूनच.

त्याला कारण होतं. माझ्या दुकानासमोर केळीची वखार असलेल्या शेठजींच्या मुलीचं लग्न. वाजवून दमलेले मास्तर पाहुण्यांच्या पंगतीत बसले, पहिला घास उचलला, आणि शेठजींनी त्यांना भरल्या पानावरून उठवलं. "बाजेवाले बाद में," एवढंच म्हणाले. मास्तर हात धुऊन उपाशीच घरी गेले.

पुढच्याच वरातीत त्यांनी वखारीसमोर घोडा थांबवला आणि ती धून काढली. ऐन रंगात आली तशी कचकन तोडली. तिला नाव दिलं 'शेठजी'. का तोडली, हे थोड्याच दिवसांत गावभर झालं आणि वऱ्हाडी मुद्दाम फर्माईश करू लागले. शेठजी वखारीचं दार ओढून आत बसायचे. खोटं कशाला सांगू, मला पाहून बरं वाटायचं.

शेवटी एकदा मास्तर कोटाचं माप द्यायला आलेले असताना शेठजी रस्ता ओलांडून आले.

"मास्तर, घरी जेवायला या. आन् ती धून पुरी करून टाका."

"माझं पोट तर दुसऱ्याच दिवशी भरलं, शेठजी," मास्तर म्हणाले. "उपाशी ती धून आहे."

गेल्या साली मास्तर गेले. तेरवीला शेठजी काठी टेकत आले. मास्तरांच्या मुलानं त्यांना हाताला धरून पंगतीत माझ्या शेजारी बसवलं, आग्रहानं वाढलं. बाहेर बँडनं मास्तरांच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे तीच धून धरली. शेठजींनी घास उचलला आणि तसेच थांबले. आज तरी पुरी करतील, असं वाटलं असावं त्यांना.

धून नेहमीच्याच जागी तुटली.

शेठजींनी घास पानात ठेवला आणि उठले. कुणी उठवलं नव्हतं. त्या दिवशी मी मास्तरांच्या वाटचंही जेवलो.