खतिजा आणि मागच्या चाकाचा नट

उचगावातल्या खतिजा नदाफचं घर गाद्या शिवणारं. नवरा दिलदार कापूस पिंजायचा, ती शिवायची. माहेर कबनूरचं. लहानपण यंत्रमागाच्या खडखडाटात कांड्या भरण्यात गेलं. माग बंद पडला की जॉबर यायचा, पाना घेऊन आत शिरायचा आणि पोरींना म्हणायचा, "लांब व्हा, हे तुमचं काम न्हाय." खतिजा लांब व्हायची, पण तो काय करतोय ते मान वाकडी करून बघत राहायची.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दिलदार माळ्यावरून कापसाचा गठ्ठा उतरवताना शिडीवरून पडला. उजवा खांदा मोडला, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली. या हातानं आता जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याची मोटारसायकल पावसाळाभर अंगणात ताडपत्रीखाली गंजत उभी राहिली. गाद्या सांगायला लोक येत होते, पण गावोगाव जाणार कोण?

दसऱ्याच्या सुमारास खतिजानं ताडपत्री ओढून बाजूला टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "मला शिकवा."

"गेरची गाडी हाय. तुला झेपायची न्हाय."

"मग बिनगेरची आणा. न्हाय तर हीच शिकवा."

घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर ती शिकली. पडली, कोपर फोडून घेतलं, पुन्हा बसली. दिवाळीनंतर सीटमागं कापडाचा गठ्ठा बांधून ती एकटी खेड्यापाड्यांत जायला लागली. काही जण बघत राहायचे. ती समोरच्या रस्त्याकडं बघायची.

मग एकदा गारगोटीहून परतताना मागचं चाक पंक्चर झालं. बऱ्याच लांबवर गाडी ढकलत नेल्यावर पंक्चरवाला भेटला. ट्यूब कुजली होती, बदलायला चाक खाली घ्यायला हवं होतं, आणि चाकाच्या दांड्यावरचा नट काही केल्या सुटेना. त्यानं चाक जागेवर ठेवूनच ट्यूब बाहेर ओढली आणि कसंबसं ठिगळ मारलं. "ताई, हे टिकायचं न्हाय," तो म्हणाला. "नट पार जाम झालाय. घरी जाऊन आधी त्यो सोडवून घ्या."

ती घरी पोचली तोवर हवा निम्मी गेली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला परत गारगोटीला जायचं होतं. तिथल्या बनाबाईंच्या लेकीचं, मोनाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि रुखवतातल्या गाद्या अजून शिवायच्या होत्या. गल्लीतला गुंडू मिस्त्री पाहुण्यांकडं जावळाला गेलेला.

"बनाबाईंना फोन कर," दिलदार म्हणाला. "गुंडू उद्या येतोय. त्यो काढंल."

"आणि पुढच्या बारीला रस्त्यात चाक बसलं तर? गुंडू काय माझ्या मागं बसून येणार हाय?"

तिनं सीटखालची हत्यारं अंगणात मांडली.

नट आपोआप सुटू नये म्हणून त्याच्या आरपार एक पिन असते. ती पकडीनं सरळ करून तिनं ओढून काढली. मग पाना लावून जोर केला. नट हलला नाही, पाना मात्र सटकला आणि बोटांची सालं लोखंडावर सोलून निघाली. दिलदार उठून पुढं आला, डाव्या हातानं पाना धरला आणि सवयीनं उजवाही लावला. खांद्यात कळ आली तसा खालीच बसला.

"तुमी सोडा ते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तोंडानं सांगा. हात माझे हायेत."

तिनं तारेच्या ब्रशनं आट्यांवरचा गंज घासला, रॉकेल आणि तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत भाकरी करून घेतल्या. परत येऊन हातोडीनं नटाला चहूबाजूंनी हलकं ठोकलं.

आवाज ऐकून शेजारचे आण्णा गोठ्यातून आले. त्यांनी नटाकडं बघितलं आणि म्हणाले, "छन्नी लावून हाणू काय दोन?"

"नको आण्णा. नटाचे कोपरे गेले तर मग गुंडूलाबी निघायचा न्हाय. लांब पाइप हाय काय तुमच्याकडं?"

आण्णांनी विहिरीवरच्या जुन्या मोटारीचा लोखंडी पाइप आणला. पान्याच्या दांडीवर तो बरोबर बसला. तिनं गाडी स्टँडवरून उतरवली, ती हलू नये म्हणून दिलदारला सीटवर बसवलं आणि दोन्ही पाय जमिनीला रोवायला सांगितलं. पलीकडच्या बाजूला दांडा नटाबरोबर फिरू नये म्हणून दुसरा पाना आण्णांच्या हातात दिला. मग पाइपावर अंगाचा सगळा भार टाकला. पाइप किंचित वाकला. नट तसाच.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. "ऱ्हाऊ दे आता," दिलदार सीटवरून म्हणाला.

खतिजा टेकली. घट्ट भरलेल्या गादीत दाभण अडकली की ती कधी नुसती ओढत बसत नसे. ओढली तर मोडते. आधी थोडी मागं रेटायची, जागा करायची, मग ओढायची.

"आण्णा, घट्ट धरा," असं म्हणून तिनं पाइप खाली दाबायच्या ऐवजी वर उचलला, म्हणजे नट आणखी आवळायच्या बाजूला. करकर असा बारीक आवाज झाला. नट केसभर हलला होता. तिनं पुन्हा तेल सोडलं, पाइप धरला आणि बसकण मारावी तशी पूर्ण वजनानं त्यावर आली.

फाडकन आवाज झाला आणि पाइप जमिनीला टेकला. ती हातावर पडली. क्षणभर तिघांनाही वाटलं, काहीतरी तुटलं.

दिलदार गाडी साइड स्टँडला टेकवून उतरला, वाकला आणि बोटांनी नट फिरवून बघितला. फिरत होता. "सुटला की," तो म्हणाला आणि बराच वेळ तो नट हातानंच फिरवत राहिला.

गाडी परत स्टँडवर घेऊन तिनं चाक काढलं, ते ढकलत पलीकडच्या गल्लीत नेलं आणि सायकलवाल्याकडून नवी ट्यूब घालून आणली. आट्यांना ग्रीस लावलं, चाक बसवलं, नट आवळला, नवी पिन घातली. दिलदारनं पिन ओढून बघितली. जाताना आण्णा पाइप तिथंच ठेवून गेले. "माझ्यापेक्षा तुलाच लागंल," एवढंच म्हणाले.

सकाळी ती गारगोटीला वेळेत पोचली. पट्टी बांधलेली बोटं बघून बनाबाईंनी विचारलं, "दाभण लागली काय गं?"

"न्हाय. गाडीचं चाक काढलं काल."

"कुणी, तू?"

"व्हय."

बनाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग आत जाऊन चहा टाकला. गिरणीतून पिंजून आणलेली रुई ओसरीवर पसरलेली होती. खतिजानं दाभणीत दोरा ओवला. ओढताना बोटं झोंबायची, पण ऊन उतरायच्या आत गाद्यांच्या चारी कडा शिवून झाल्या होत्या.